गणरायाच्या दारी यंत्राची सरगम

भाद्रपद लागला, धानाच्या बांध्यांतील रोवणी आटोपली, की वैनगंगेच्या खोऱ्यात गणरायाच्या आगमनाची चाहूल लागते. भंडारा जिल्ह्याचे या दैवताशी नाते तर विशेषच. विदर्भातील अष्टविनायकांपैकी दोन, भंडारा शहरालगतच्या मेंढ्याचा भृशुंड गणेश आणि पवनीचा पंचमुखी गणेश, या एकाच जिल्ह्यात विराजमान आहेत. गावोगावच्या मंडळांत मूर्ती ठरते, वर्गणी गोळा होते, मांडवाचे बांबू उभे राहतात आणि मग दरवर्षीचा तो प्रश्न निघतो: यंदा नवे गाणे कोणते म्हणायचे? वैनगंगेच्या काठच्या एका गावात यंदा या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी संगणकाचे साहाय्य घेण्यात आले. त्या प्रयत्नाचे दोन सायंकाळ आम्ही साक्षी होतो. जे पाहिले व ऐकले ते भाविक वाचकांपुढे ठेवावे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

या गावचे भजन मंडळ जुने. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी विदर्भातील खेडीपाडी जी भारली गेली, त्या परंपरेतले. महाराज १९६८ साली ब्रह्मलीन झाले. परंतु त्यांच्या चालींवर वाढलेली माणसे अजून गावोगाव आहेत. येथील बुवा त्यांपैकीच एक. वय पंचाहत्तरीच्या पुढे, दृष्टी मंद झालेली. पण हाती खंजिरी आली की बोटे विशीतली. मंडळातील तरुणांपैकी एकजण दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांतून ऑर्गन व पॅड वाजवितो. मंडई, शंकरपट, रात्रभरचे नाटक, असा त्याचा हंगाम होळीपर्यंत चालतो. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा लॅपटॉपवर 'एफएल स्टुडिओ' नावाच्या संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरवर तो ध्वनीची जुळवाजुळव करीत बसतो. गणपतीचे शब्द त्याने स्वतःच लिहिले होते. चाल मात्र सुचत नव्हती. त्याने ती यंत्राला विचारली.

शब्दांचे यंत्र चाल कशी देणार, अशी शंका वाचकांस येईल. आम्हासही आली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांपुढे आले, तेव्हापासून ज्यांचा बोलबाला झाला, ती ही भाषेची यंत्रे. त्यांना कान नाहीत, कंठ नाही. अगणित ग्रंथ, लेख आणि संवाद यांवरून, एका शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवनीय, एवढेच त्यांनी आत्मसात केलेले असते. आणि त्या अंदाजाच्या बळावर ती तुकड्यापुढे तुकडा रचीत जातात. परंतु थोडा विचार करता ध्यानात येते, की आपले स्वर तरी अक्षरांवाचून निराळे कोठे आहेत? सा, रे, ग, म ही अक्षरेच. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घरोघरच्या गायकांच्या कंठातील बंदिशी स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तकमालिकेतून छापल्या, तेव्हाच गाणे कागदावर आले. जे कागदावर आले ते या यंत्राच्या वाचनात येऊ शकते, आणि जे वाचले त्याच्या धर्तीवर ते लिहूही शकते.

दुसरी वाट आकड्यांची. यंत्रवाद्यांनी परस्परांशी बोलावे म्हणून १९८३ साली 'मिडी' नावाची एक सांकेतिक भाषा प्रचारात आली. तीत प्रत्येक स्वराला एक आकडा आहे. पेटीवरील मधल्या सप्तकाची पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. बुवा काळी एकमध्ये गातात; तेव्हा त्यांचा सा ६१, रे ६३, ग ६५, प ६८, ध ७० आणि तार सा ७३. भाषेच्या यंत्राने अशी आकड्यांची ओळ लिहून दिली, की तिची छोटी मिडी फाइल करता येते. ती सॉफ्टवेअरमधील स्वरांच्या पटावर ठेवावी आणि बासरीच्या, सनईच्या वा ऑर्गनच्या ध्वनीत ऐकावी. मुलाने आमच्यादेखत हे सारे पाच मिनिटांत केले.

गणितावरून संगीत निपजविण्याची ही खटपट अगदी नवी आहे असे नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील संगणकाच्या साहाय्याने हिलर व आयझॅकसन या दोघांनी १९५७ साली तंतुवाद्यांसाठी एक रचना सिद्ध केली होती. आपल्याकडेही संगणकशास्त्राचे प्राध्यापक हरी सहस्रबुद्धे यांनी पुण्यात विद्यापीठात असताना १९९० च्या दशकाच्या आरंभी रागांचे चलन नियमांत बांधून संगणकाकडून स्वरपंक्ती काढविण्याचे प्रयोग केले. ते स्वतः संगीताचे जाणकार, आणि ग्वाल्हेर परंपरेच्या ख्यातनाम गायिका वीणा सहस्रबुद्धे या त्यांच्या सहधर्मचारिणी. तेव्हा नियम माणूस घालून देत असे. आताच्या यंत्राला नियम कोणी शिकवीत नाही. पुष्कळ वाचून ते आपले अनुमान करते. फरक हा एवढाच, पण फार मोठा.

पहिल्या सायंकाळी मुलाने यंत्रास लिहिले: गणपतीचे भजन हवे, विदर्भाच्या लोकधुनेच्या अंगाने, भूप रागात, आठ मात्रांच्या केरव्यात, चार ओळींचा मुखडा. क्षणार्धात उत्तर उमटले. वर रागाची माहितीही दिलेली: भूपात मध्यम व निषाद वर्ज्य, वादी गांधार, संवादी धैवत, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर. सारे अचूक. मग स्वर. पहिली ओळ 'ग ग रे सा, रे ग प ऽ' अशी होती. बुवांनी मान डोलावली. दुसरी ओळ आली 'प ध प म, ग रे सा', आणि बुवांची खंजिरी थबकली. वाचकांपैकी ज्यांनी पेटीवर बोटे फिरविली असतील त्यांच्या लक्षात आलेच असेल. वर्ज्य म्हणून सांगितलेला मध्यम ओळीत येऊन बसला होता. आणि बोटांवर मोजू गेले तर आठांच्या जागी मात्रा सातच. ज्याने नियम सांगितला त्यानेच तो पुढल्या ओळीत मोडला, आणि मोडल्याची त्याला जाणीवही नव्हती! मुलाने चूक दाखविताच यंत्राने अतिशय नम्रपणे क्षमा मागून ओळ सुधारून दिली. ती नम्रता पाहून मंडळी हसली. आम्हास मात्र हसू आले नाही.

आम्हास त्या क्षणी महाभारताच्या लेखनाची कथा आठवली. महर्षी व्यासांनी सांगावे आणि श्रीगणेशाने लिहावे असे ठरले, तेव्हा गणेशाने अट घातली की माझी लेखणी क्षणभरही थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ उमगल्यावाचून एक अक्षरही लिहावयाचे नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत विद्वानांनी ही कथा मूळ संहितेबाहेर ठेवली आहे, हे आम्ही जाणतो. परंतु लोकमानसातून ती कोण काढणार? या नव्या लेखनिकाने पहिली अट तंतोतंत पाळली आहे. त्याची लेखणी थांबत नाही. व्यासांची अट मात्र त्याला कोणी घातलेली नाही.

हे केवळ चुकीच्या मध्यमाविषयी नव्हे. भूप आणि देशकार या दोन रागांचे पाचही स्वर तेच. परंतु भूपात गांधार राजा, देशकारात धैवत. एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. हा भेद यंत्रास विचारा, विद्यार्थ्यास परीक्षेत पूर्ण गुण मिळावेत असे उत्तर ते लिहील. पण त्याच्याकडून दोन्ही रागांतील ओळी मागविल्या, तेव्हा त्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी निघाल्या. कोणत्या स्वरावर किती रेंगाळावे, कोणत्यास नुसता स्पर्श करून सोडावे, हे अक्षरांच्या ओळीत उतरत नाही. भातखंडे यांनी मींड दाखविण्यास अक्षरांवर कमानीची खूण योजली होती. येथे तीही नाही.

बुवांनी त्या रात्री काढलेली हरकत याहून साधी होती, आणि आम्हास ती अधिक मोलाची वाटते. दुरुस्त केलेला मुखडा लॅपटॉपवर सनईच्या ध्वनीत दोनदा ऐकून ते म्हणाले, "गानं बराबर आहे, पोरा. पन दम कुठं घ्याचा?" खरेच, बत्तीस मात्रांत श्वासाला एकही जागा नव्हती. ज्याला श्वास नाही त्याला श्वासाची जागा कशी सुचावी? आणि खंजिरी भजनात ती जागा केवळ गाणाऱ्याच्या विसाव्याची नसते; तेथेच मागची मंडळी उचल घेतात. ती काढून घेतली की एकाचे गाणे उरते, भजन उरत नाही.

येथपर्यंत वाचून, यंत्र त्याज्य आहे असा आमचा अभिप्राय कोणी समजू नये. पेटीचेच उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सकडून आलेले हे वाद्य; आपल्या श्रुती त्यावर निघत नाहीत, मींड निघत नाही, म्हणून १९४० साली नभोवाणीने त्यास दार बंद केले आणि ते १९७१ पर्यंत उघडले नाही. आक्षेप खोटा नव्हता. पेटीचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधाराहून अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो, आणि तोच चढा गांधार आज संगणकाच्या पटावरही आहे. तथापि त्या एकतीस वर्षांत एकाही देवळातील पेटी बंद पडल्याचे ऐकिवात नाही. भजनी मंडळींनी पेटी स्वीकारली. पण गाणाऱ्याने तिच्या मागून जायचे नाही, तिने गाणाऱ्याच्या मागून यायचे, ही मर्यादा त्यांनी पाळली. संगणकाच्या बाबतीत तोच प्रश्न पुन्हा उभा आहे. कोणी कोणाच्या मागून जायचे?

तो प्रश्न आमच्या भागात अधिक तीव्र आहे. यंत्राने 'विदर्भाची लोकधून' म्हणून जे दिले त्यात विदर्भ कोठेही नव्हता. कॅसेटच्या काळापासून घरोघरी वाजत आलेल्या, मुंबई-पुण्याच्या वळणाच्या भक्तिगीतांची ती सरासरी होती. यात यंत्राचा दोष म्हणावा तर तोही अल्पच. झाडीपट्टीची दंडार, खडी गंमत, रोवणीची गाणी यांच्या चाली लिहिल्या कोणी? साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि दंडारीसाठी आपले आयुष्य वेचले, म्हणून शब्द व कथानके तरी ग्रंथबद्ध झाली. चाली बहुतांशी कंठातच राहिल्या. समर्थ रामदासांच्या गणपतीच्या आरतीला गावागणिक निराळी ढब होती, ती कॅसेटने एकसारखी केली, हे आपण डोळ्यांदेखत पाहिले. कॅसेट निदान एका माणसाचे गाणे ऐकवीत असे. हे यंत्र पुष्कळांची गोळाबेरीज करून कोणाचेच नसलेले गाणे देईल, आणि आमच्या मुलांना तेच आपले वाटू लागेल, ही भीती आम्ही अनाठायी मानीत नाही.

दुसऱ्या सायंकाळी जे घडले त्याने ही भीती गेली नाही, पण तिच्यात थोडी भर पडली, आणि थोडी वजाबाकीही झाली. बुवांच्या घरातील एक वृद्ध माउली ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. मुलाची तारांबळ ऐकून त्या आपणहून रोवणीचे एक गाणे गुणगुणू लागल्या. स्वर चारपाचच; खाली मंद्र धैवतापर्यंत जाऊन परत वर गांधारापाशी घुटमळणारे. मुलाने मोबाइलवर ते टिपून घेतले आणि सरगम लिहू लागला, तेव्हा लक्षात आले की शब्द समेवर पडतच नाही, अर्धी मात्रा मागून येतो. चूक झाली असे समजून त्याने पुन्हा विचारले. माउली म्हणाल्या, "हात चिखलात जाते तवा तोंड बंद रायते. हात वर आला का मंग शबद." रोप लावणारा हात खाली जातो ती सम, हात वर येतो तेथे शब्द. कोणत्या संगीतशाळेत हा ताल शिकविला असता!

मुलाने ती सरगम यंत्राला दिली आणि म्हटले, या चालीला शोभेल असा अंतरा दहा प्रकारांनी सुचव. आता मात्र यंत्राचे दुसरे रूप दिसले. दहांपैकी सहांत त्याने शब्द नेमका समेवर आणून ठेवला. तीनदा बजावूनही त्याची ती खोड गेली नाही. तीन प्रकार पहिल्या दिवसाच्या गोड वळणावर गेले. एक उरला. त्यात तार षड्जावरून धैवताला न शिवता एकदम पंचमावर उतरून दोन मात्रा थांबायचे होते. बुवांनी तो पुन्हा वाजवायला लावला. मग स्वतः म्हणून पाहिला. मुक्काम त्यांनी तसाच ठेवला, पण उतरताना धैवताचा एक कण लावला आणि ते चक्क हसले. "हे मले सुचलं नसतं," असे ते प्रांजळपणे म्हणाले. मग थोडे थांबून, "अन् त्याले हे गाता आलं नसतं."

अशा रीतीने नऊ टाकून एक घेण्याची ज्याची तयारी आहे, आणि ते एक ओळखण्याचा ज्याला कान आहे, त्याच्या हाती हे साधन अवश्य असावे. आज खेड्यात पेटी शिकवणारा मिळत नाही. ज्या मुलाला रात्री अकरा वाजता एक ओळ अडते, त्याने कोणास विचारावे? आपल्या घरी असे मूल असेल तर त्याला रागावू नये. मात्र दोन गोष्टी सांगाव्यात. यंत्राला आपला सा, ताल, मात्रा आणि वर्ज्य स्वर स्पष्ट सांगावेत, आणि आलेली प्रत्येक ओळ बोटांवर मोजून व प्रत्यक्ष गाऊन पारखावी. शिवाय आधी आपल्या घरातील, आळीतील चाल त्याच्यापुढे ठेवावी. ती न ठेवता मागाल तर ते साऱ्या जगाची देईल, तुमची देणार नाही.

आता 'सुनो' व 'युडिओ' यांसारखी दुसऱ्या जातीची यंत्रेही निघाली आहेत. चार शब्द सांगितले की वाद्ये, गायक आणि घोष यांसह अख्खे गाणे ती हाती ठेवतात. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी, आपली गाणी न विचारता वापरली म्हणून, त्यांच्यावर दावे लावले. त्या न्यायनिवाड्यात आम्ही शिरत नाही. परंतु तसे गाणे ध्वनिक्षेपकावर लावून मंडळाने हात जोडून उभे राहावे, हे आमच्या मनास पटत नाही. भक्त गातात तेथे आपण उभे असतो, असे भगवंतांनी नारदास सांगितल्याचे पुराणे सांगतात. वाजते तेथे उभे असतो, असे कोठे म्हटलेले नाही.

मंडळातील एका मुलाने आणखी एक कल्पना काढली होती. पूर्वीच्या दिवंगत बुवांची एक जीर्ण कॅसेट आहे. तीवरून त्यांचा आवाज यंत्राकडून उभा करवून त्यांच्याच मुखी नवे गाणे घालावे. सभेत क्षणभर शांतता पसरली. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटात दोन दिवंगत गायकांचे आवाज असे उभे केले, पण कुटुंबीयांची अनुमती घेऊन आणि त्यांना मोबदला देऊन. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात, गायकाच्या संमतीवाचून यंत्राने त्याचा आवाज वापरण्यास अंतरिम मनाई केली. येथे प्रश्न न्यायालयापर्यंत गेलाच नाही. दिवंगत बुवांच्या कन्या सभेत होत्या. त्यांनी "नको" एवढेच म्हटले आणि विषय संपला. कॅसेट मात्र जपून ठेवण्याचे, आणि तीवरील चाली स्वरलिपीत उतरवून घेण्याचे ठरले. ते काम त्या ऑर्गनवाल्या मुलाकडेच आले. आता रविवारी तो वही आणि मोबाइल घेऊन घरोघरी जातो. रोवणीची आणखी सात गाणी त्याने टिपली आहेत, असे कळते.

शेवटी वाद उरला तो फलकावरील मजकुराचा. मांडवात दरवर्षी नव्या गाण्याचा कागद लावतात, त्यावर शब्द कोणाचे आणि चाल कोणाची हे लिहिलेले असते. यंत्राचे साहाय्य लपवू नये, असे मुलाचे म्हणणे. गणपतीपुढे यंत्राचे नाव नको, असे बुवांचे. माउलींना विचारले, तर त्या म्हणाल्या, माझे नाव तर मुळीच नको. ती काय माझी एकटीची चाल आहे? बराच खल होऊन मजकूर असा ठरला: चाल, गावच्या रोवणीची, अंतरा, संगणकाच्या साहाय्याने सुचलेला व बुवांनी सुधारलेला. फलक रंगविणाऱ्याने मोजून पाहिले आणि एवढे एका ओळीत मावणार नाही म्हणून सांगितले. तेव्हा बुवांनी अक्षरे लहान काढावयास सांगितले.